पडवीतील दोन सायकली

चतुर्थीच्या आधी घर आवरायला काढले की भंगारवाल्याला बोलावणे हा आमच्याकडचा रिवाज आहे. या वर्षी रद्दी, फुटकी घमेली आणि गंजून गेलेला पाण्याचा पंप मोजून झाल्यावर त्याची नजर पडवीच्या टोकाला भिंतीशी टेकून उभ्या असलेल्या दोन सायकलींकडे गेली. मला न विचारताच त्याने त्यांतली एक आपल्या काट्याला अडकवली आणि "सोळा किलो" असे जाहीर केले. मी ती खाली उतरवून घेतली. त्याच आठवड्यात पणजीतल्या एका दुकानात लांबच्या प्रवासाची नवी सायकल पाहायला गेलो, तर तिथल्या तरुण विक्रेत्याने वरच्या नळीखाली दोन बोटे घालून एक सायकल अलगद उचलली आणि तितक्याच अभिमानाने "फक्त अकरा किलो, सर" असे सांगितले. एकाच्या हिशेबात किलो वाढले की किंमत वाढत होती, दुसऱ्याच्या हिशेबात किलो घटले की किंमत वाढत होती, आणि दोघांनीही सायकल जमिनीवरून उचलूनच तिची पारख केली होती. ही गोष्ट मला नंतर बरेच दिवस सलत राहिली. मला हवी असलेली सायकल कोणी उचलणार नव्हते. तिच्यावर पंधरा-वीस किलोंचे सामान आणि निवृत्तीला टेकलेला एक शिक्षक एवढा ऐवज चढणार होता. त्या बेरजेत पाच किलोंचा फरक नेमका कुठे शोधायचा, हे दोघांपैकी कोणीच सांगितले नाही.

माझा बेत तसा जुनाच आहे. माशेलहून निघायचे, आमोण्याच्या पुलावरून सांखळी गाठायची, केरीला अंजुणे धरणाचे पाणी उजाडताना पाहायचे आणि मग चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटी करत बेळगावला पोहोचायचे. परतताना आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे पेडण्यात शिरायचे. वाटेत देवळांच्या अग्रशाळा आहेत, ओळखीची घरे आहेत, त्यामुळे तंबूचे सोंग आणण्याची गरज नाही. हा सगळा रस्ता मी बसने आणि मोटारीने इतक्या वेळा पाहिला आहे की चोर्ल्यात कोणत्या वळणावर कानात दडे बसतात हे मला सांगता येईल. पण ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, दरडींवरून झिरपणाऱ्या पाण्याचा आणि कुजत्या पाल्याचा जो वास त्या घाटात भरलेला असतो, तो बंद काचेच्या आत कधीच पुरता येत नाही. तो वास स्वतःच्या धापेबरोबर घ्यावा, इतकीच माझी इच्छा होती. मुलगा बेंगळूरुला असतो. त्याने ती इच्छा ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून मला फोनवर सायकलींची छायाचित्रे पाठवायला सुरुवात केली.

नवी सायकल मला आवडली नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. विक्रेत्याने ती मिरामारपर्यंत चालवून पाहू दिली. मांडवीच्या कडेने जाताना खाऱ्या वाऱ्यात ती अशी काही सरळ आणि मुकाट धावली की मी दुकानात परत जाण्याचे टाळत दोनदा वळसा घातला. मागच्या चाकापासून पायडलपर्यंतचे अंतर चांगले लांब होते, त्यामुळे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावल्या तरी टाचा त्यांना घासणार नव्हत्या. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही पायांवर सामानासाठी स्क्रूची भोके होती. टायर 40 मिलिमीटर रुंदीचे होते, आणि डिस्क ब्रेक तर असे की बोटाच्या एका पेरावर सायकल उभी राहत होती. गोव्यातल्या पावसात ओल्या रिमवर रबर घासत घासत वळण गाठण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला या ब्रेकचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. परंतु मी वाकून पाहू लागलो तेव्हा ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली कुठेच दिसेनात. त्या हँडलमधून थेट मानेच्या, म्हणजे हँडल जिथे वळते तिथल्या, बेअरिंगमधून आत जात होत्या. चाकांना नेहमीच्या आक्सलऐवजी चिमट्याच्या आरपार जाणारा जाड दांडा होता, ब्रेकमध्ये तेल होते आणि चौकट अॅल्युमिनियमची होती. केबल बदलायची झाली तर काय करायचे, असे विचारल्यावर विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले की मानेचे बेअरिंग उघडावे लागेल, आणि ते काम इथे आणूनच करावे. कणकुंबीहून इथे कसे आणायचे, हे मी विचारले नाही. किंमत पाऊण लाखाच्या पुढे होती.

पडवीतल्या दोन सायकलींपैकी पहिली वडिलांची. नॉटिंगहॅमची रॅले, काळी, दांडीच्या ब्रेकची, समोर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला आणि चेनव्हीलमध्येही कोरलेले तीन बगळे. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात विलायती माल सहज मिळत असे, तेव्हा आजोबांनी ती घेतली होती. 1963 नंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा वडिलांची नेमणूक सत्तरी तालुक्यात झाली आणि सायकल त्यांच्याबरोबर गेली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते निघत आणि दिवेलागणीला घरी पोहोचत. आम्हाला सायकल दिसण्याआधी तिच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येई. कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत वह्या, कधी फणसाचे गरे, कधी कुळागरातली हिरवी मिरी. सीटच्या कातड्याला त्यांच्या बसण्याचा आकार आलेला होता आणि तो अजून तसाच आहे. माझी पहिली सायकलस्वारीही तिच्याच नळीखालून एक पाय घालून झाली. त्यामुळे बेळगावला जायचे तर हीच दुरुस्त करून जावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक होते, आणि तो विचार इतका देखणा होता की त्याची तपासणी करण्याचे माझ्या जिवावर आले होते.

ती तपासणी फोंड्याच्या मेस्तांनी केली.

मेस्तांचे दुकान म्हणजे जुन्या घराच्या सोप्यावर टांगलेली चाके, रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेले छर्रे आणि भिंतीवर टायरांची टांगलेली चळत. सायकली आता मोजक्याच येतात. येतात त्या पहाटे पाव वाटणाऱ्या पोदेरांच्या, मासे विकणाऱ्यांच्या आणि बांधकामावरच्या मजुरांच्या. मुलांच्या गिअरवाल्या सायकली दुकानातून थेट घरी जातात आणि पहिल्या पंक्चरनंतर जिन्याखाली जातात, असे मेस्त म्हणतात. त्यांनी रॅलेला उलटी केली नाही. आधी तिच्याभोवती एक फेरी मारली, बिल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि मग कामाला लागले. चेनव्हीलला 44 दाते, मागे 18. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे सुख आहे. चोर्ल्यात, समुद्रसपाटीजवळून सुमारे 800 मीटर उंची गाठताना, ते सामानासकट ढकलत नेण्याचे निमंत्रण आहे. वडीलही चढावर उतरून चालतच असत, हे मला तेव्हा आठवले. दुसरी अडचण ब्रेकची. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला खालून वर दाबते. त्या रिमच्या कडा गोलसर असल्यामुळे तिथे बाजूने चिमटणारे आजचे ब्रेक बसवून भागत नाही, रिमच बदलावी लागते. शिवाय ती पोलादी आणि क्रोमची, म्हणजे ओली झाली की ब्रेक विनंतीवर चालणार. चाकाचे माप 28 × 1½, ज्याची रिम टायरच्या बैठकीपाशी 635 मिलिमीटर भरते. आज 28 इंची म्हणून जे पातळ टायर मिळतात त्यांचे माप 622. तेरा मिलिमीटरांच्या फरकाने सारे अडते. शेवटी मेस्तांनी पायडलच्या आक्सलचा कप दाखवला. बाजारात सहज मिळणाऱ्या कपांना इंचाला 24 आटे असतात. रॅलेने स्वतःच्या सायकलींना 26 ठेवले होते. तो कप झिजला तर तसाच जुना शोधायचा, किंवा चौकटीचे आटे कापायचे.

"मास्तर, ही अशीच आसूं दी," मेस्त म्हणाले. "ती दुसरी हाडात." म्हणजे ही अशीच असू द्या, ती दुसरी आणा.

मी थोडा वाद घातला. 1923 साली मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 साली परत आले; त्यांच्याकडे कुठे तेलाचे ब्रेक होते, असे मी विचारले. मेस्तांनी शांतपणे उत्तर दिले की ते विशीतले होते आणि त्यांना पाच वर्षांची सवड होती. यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुसरी सायकल कोणाचीच नव्हती, असेच म्हटले पाहिजे. माझा चुलतभाऊ मस्कतला नोकरीला होता. नव्वदीच्या दशकात एका सुट्टीला येताना त्याने ती आणली, गावात दोन-चार दिवस मिरवली आणि आमच्या पडवीत ठेवून निघून गेला. तेव्हाची डोंगरी सायकल, 26 इंची, स्प्रिंग नसलेल्या सरळ चिमट्याची. जांभळ्या आणि पोपटी अशा दोन रंगांत रंगवलेली, त्यामुळे तिच्याकडे आदराने पाहणे कोणालाच जमले नव्हते. भंगारवाल्याने काट्याला अडकवली होती ती हीच. मी तिला टेम्पोत घालून फोंड्याला नेली, तेव्हा मेस्तांनी सीटच्या नळीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि अर्धवट उडालेल्या कागदी पट्टीवर 4130 हा आकडा दिसला. तो क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाचा आकडा आहे. शेवटचे 30 म्हणजे त्यातला सुमारे 0.30 टक्के कार्बन. या पोलादाची नळी पातळ ठेवूनही मजबूत राहते, म्हणून कित्येक दशके प्रवासी सायकलींच्या चौकटी त्याच्याच होत्या. आणि ती तडकलीच, तर काळजीपूर्वक गॅसवर पितळी जोड देणारा कारागीर तिला पुन्हा उभी करू शकतो. अॅल्युमिनियमच्या चौकटीला निराळे वेल्डिंग लागते आणि त्यानंतर तिला पुन्हा तापवून कडक करावे लागते, जे काम रस्त्याकडेला होण्यासारखे नाही.

मेस्त एकेक माप घेत गेले आणि मी वहीत उतरवत गेलो. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी 135 मिलिमीटर, म्हणजे साध्या आक्सलचे हब अजून मिळतात. पायडलच्या आक्सलचे आटे 24, कप नेहमीचे. फक्त उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, हे ठाऊक नसलेल्या माणसाने तो सोडवायच्या ऐवजी आवळत बसायची प्रथा आहे. रिमचे माप 559. इथे सावध राहावे लागते, कारण 26 × 1⅜ अशा नावाचे जे टायर येतात तेही 26 इंचीच म्हणवतात, पण त्यांची रिम 590 ची असते. टायरच्या कडेवरचा तीन अंकी आकडा वाचल्याशिवाय दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. 559 चे टायर मात्र खेड्यातल्या बाजारातही मिळतात, कारण मुलांच्या रेंजर पद्धतीच्या सायकलींना तेच लागतात. चिमट्यावर आणि मागे ब्रेकच्या खुंट्या चौकटीलाच जोडलेल्या होत्या. मूळचे कँटिलिव्हर ब्रेक काढून त्याच खुंट्यांवर रिमला बाजूंनी चिमटणारे व्ही ब्रेक बसतात, फक्त जास्त केबल ओढणारे लिव्हर बरोबर घ्यावे लागतात. मागच्या टोकाला कॅरिअरची भोके होती. पुढे तीन चेनव्हील, सर्वांत लहान 22 दात्यांचे बसणारे. मागे 32 दाते लावले तर पायडलच्या एका फेरीत सायकल 1.4 मीटर सरकते. हा आकडा ऐकल्यावर मला चोर्ला घाट पहिल्यांदा माझ्या आवाक्यातला वाटला. चालण्याच्या वेगाने, पण बसून.

गंजाची चौकशी मेस्तांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारकाईने केली. आपल्याकडे पोलाद बाहेरून गंजते ते दिसते. आतून गंजते ते दिसत नाही. पावसाळ्यात सीटच्या नळीतून पाणी आत शिरते आणि पायडलच्या आक्सलपाशी साचून राहते, म्हणून तिथे खाली एक बारीक भोक असते, जे चिखलाने बुजलेले असते. आक्सल काढून आत टॉर्च मारली, नळ्यांवर पान्ह्याने हलके ठोकून आवाज ऐकला, आणि चौकट निरोगी निघाली. सीटचा दांडा मात्र हलेना. तो अॅल्युमिनियमचा आणि नळी पोलादाची. दोन धातू आणि खारी दमट हवा यांनी मिळून त्यांना एकजीव केले होते. मी गॅसवर तापवण्याचे सुचवले, तर मेस्तांनी मान हलवली. तापवले तर अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते आणि आणखी घट्ट बसते. गार केले तर तेच जास्त आकसते. त्यांनी सांधा झिरपत्या तेलात काही दिवस मुरू दिला आणि मग शेजारच्या मासळीवाल्याकडून बर्फ मागवला. चौकट उलटी करून दांडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडला, बर्फाचा चुरा फडक्यात गुंडाळून दांड्याच्या डोक्याला बांधला आणि आम्ही दोघांनी चौकटच दोन्ही हातांनी पिळली. आधी काहीच झाले नाही. मग दाराच्या जुन्या बिजागरीसारखा एक कर्कश आवाज झाला आणि दांडा सुईच्या टोकाएवढा फिरला. सगळ्या सोप्याला बांगड्याचा वास येत होता.

यानंतर खर्चाविषयी बोलले पाहिजे, कारण जुनी सायकल नीट करणे म्हणजे काटकसर, असा एक समज आहे. चेन मोजली. नव्या चेनच्या पूर्ण बारा इंचांत कड्यांच्या पिना बरोबर बसतात. ही एक अष्टमांश इंचाने वाढलेली होती. इतकी वाढलेली चेन आपल्याबरोबर मागचे दातेही खाते, म्हणून फ्रीव्हील गेले. मागच्या चाकावर सामानाचा भार सर्वांत जास्त, त्यामुळे तिथे 36 स्पोकचे नवे चाक विणायचे ठरले. रिम, स्पोक, ब्रेक, लिव्हर, केबली, टायर, पायडल, मानेचे छर्रे, पुढे-मागे कॅरिअर. बेरीज नव्या सायकलीच्या निम्म्याच्या जवळ गेली, आणि तरीही ही सायकल अकरा किलोंची होणार नाही, तिला डिस्क ब्रेक बसणार नाहीत आणि ती विकायला काढली तर कोणी फारसे देणार नाही. ज्याला वर्षातून एखादा फेरफटका मारायचा आहे आणि हात काळे करायचे नाहीत, त्याने सरळ नवी घ्यावी. फक्त केबली बाहेरून जाणारी, ब्रेक केबलवर चालणारे आणि चौकट शक्यतो पोलादाची अशी शोधावी. तशा मिळतात, पण कमी.

मग मी जुनीच का निवडली? मुलाने हाच प्रश्न फोनवर विचारला आणि त्याला वाटले मी वडिलांचे नाव घेईन. पण वडिलांची सायकल तर बाजूलाच राहिली होती. ज्या सायकलीशी माझी एकही आठवण जोडलेली नाही, जिचा रंग अजूनही मला सहन होत नाही, ती मी निवडली, कारण तिच्यात असे काहीही नव्हते जे जांबोटीच्या किंवा आंबोलीच्या सायकलवाल्याला समजणार नाही. लांबच्या प्रवासात सायकल मोडतेच; उजव्या बाजूचा मागचा स्पोक तर हटकून तुटतो, आणि तो घालायला आधी फ्रीव्हील काढावे लागते. प्रश्न एवढाच असतो की ज्या गावात ती मोडेल त्या गावात तिचा सुटा भाग, हत्यार आणि माहीतगार माणूस सापडेल काय. पणजीतल्या त्या देखण्या सायकलीसाठी मला प्रत्येक वेळी पणजी गाठावी लागली असती. हे मला मेस्तांच्या सोप्यावर बसून कळले हे खरे, पण मिरामारचा तो वळसा मी विसरलो असेन असे कोणी समजू नये. व्ही ब्रेकने ओल्या वळणावर कशी साथ दिली हे उतरताना कळेल, आणि त्या वेळी मला त्या तेलाच्या ब्रेकची आठवण येणार आहे.

मेस्तांनी चाक विणायला घेतले तेव्हा मी मुद्दाम थांबलो. स्पोक हबच्या भोकांतून ओवून एकमेकांवरून नेताना त्यांचे हात इतके भराभर चालत होते की क्रम माझ्या ध्यानात आला नाही. आउट काढायला, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवायला, मात्र बराच वेळ गेला. चाक स्टँडवर फिरवायचे, खडू रिमला जिथे शिवेल तिथला त्या बाजूच्या स्पोकचा निपल (टोकाची बारीक चाकी) पाव फेरी सैल करायचा, समोरच्या बाजूचा तेवढाच आवळायचा, पुन्हा फिरवायचे. मध्येच ते दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून ताण अजमावत आणि बोटाने छेडून आवाज ऐकत. पोदेराचा एक मुलगा हँडलला पोंगा लावलेली सायकल घेऊन ब्रेकचे रबर बदलायला आला होता; तोही उभा राहून पाहू लागला. एवढ्या टोपलीभर पावांचे ओझे घेऊन रोज पहाटे गावभर फिरणाऱ्या त्या सायकलीला मागे किती स्पोक आहेत, हे मी मोजायला गेलो, तर मेस्त न बघताच म्हणाले, "चाळीस."

आता दोन गोष्टींवर एकमत व्हायचे आहे. मुलाला हँडल खाली वळलेले हवे आहे, मेस्तांना सरळ. मला पाठीचा विचार करून थोडे उंच हवे आहे आणि बहुधा मीच जिंकेन. रंगाचा प्रश्न पावडर कोटिंगवाल्याकडे नेला होता, पण जुना रंग खरवडताना 4130 ची पट्टीही जाईल म्हणून तूर्तास जांभळा आणि पोपटीच राहणार आहे; नळ्यांच्या आत तेल सोडून घेतले आहे. मस्कतच्या भावाला फोन करून सायकलीची खबर देणे भाग होते. त्याला आधी ती सायकल आठवलीच नाही, मग एकदम आठवली, आणि मग ती त्याची असल्याचेही आठवले. डिसेंबरात सुट्टीवर येतो आहे, तुझ्याबरोबर बेळगावपर्यंत मीही येतो, असे त्याने जाहीर केले आणि काकांची रॅले अजून चालते का, असे विचारले. माशेलच्या बाजारापर्यंत चालते, असे मी त्याला सांगितले. घाटासाठी त्याने पणजीतून अकरा किलोंची घ्यावी.